अमेरिकन पुस्तक ऐकायचे, तर आधी सांगणारा शोधा

मोबाइलच्या दुकानात नवा फोन घेतला की त्यासोबत पुस्तके ऐकण्याची सोयही आपोआप हातात येते. जालन्यातल्या बियाणे कंपनीतला कर्मचारी, परतूरचा शिक्षक, अंबडची स्पर्धा परीक्षा देणारी मुलगी, घनसावंगीचा शेतकरी, कुणालाही आज अमेरिकेतल्या नामांकित कादंबऱ्या, आत्मकथने आणि साहसाच्या सत्यकथा मूळ इंग्रजीतून ऐकता येतात. त्यातल्या कित्येक तर फुकट मिळतात. अडचण निवडीची आहे. बहुतेक जण ऐकायचे पुस्तकही छापील पुस्तकासारखेच निवडतात: कोणते पारितोषिक मिळाले, त्यावर चित्रपट निघाला का, यादीत कितवा क्रमांक आहे, हे पाहून. मग पहिल्या तासातच धागा सुटतो आणि ‘आपल्याला इंग्रजी ऐकून कळत नाही’ असा समज पक्का होतो. या लेखाचे म्हणणे असे की दोष बहुधा श्रोत्याच्या इंग्रजीत नसतो, निवडीच्या कसोटीत असतो. ऐकण्यासाठी पुस्तक निवडताना त्याची कीर्ती दुय्यम मानावी आणि तीन प्रश्न आधी विचारावेत. ही कथा एकच माणूस सांगतो आहे का? ती आरंभापासून शेवटाकडे सरळ जाते का? आणि तिची थोडी तरी ओळख आपल्याला मराठीतून आधी झाली आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर साध्या शालेय इंग्रजीवरही ते पुस्तक पेलते.

हे प्रश्न कुठून आले ते समजून घ्यायला हवे. वाचताना डोळा मागे जाऊ शकतो. नाव विसरले तर चार पाने उलटता येतात, अवघड वाक्य दोनदा वाचता येते. ऐकताना आवाज पुढे निघून जातो. म्हणून ऐकण्याच्या रचनेत पुनरावृत्ती लागते, लहान प्रकरणे लागतात, आणि कोण कुणाशी बोलतो आहे हे स्पष्ट असावे लागते. ही जाण आपल्या जिल्ह्याला नवी नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात रचला. त्याचे वीस दशक, प्रत्येक दशकाचे दहा समास, म्हणजे एका बैठकीत पुरे होतील असे दोनशे तुकडे. पहिल्याच दशकात श्रोतेजनांचे स्तवन आहे आणि चौथ्याचा आरंभ श्रवणभक्तीने होतो. ऐकणाऱ्याचे अवधान किती टिकते याचा विचार करून बांधलेला हा ग्रंथ आहे. सप्ताहात, पारायणात, कीर्तनात तासन्‌तास बसून ऐकणाऱ्या समाजाला ‘ऐकणे जमत नाही’ असे म्हणणे बरोबर नाही. ऐकण्यासाठी बांधलेली गोष्ट त्याच्यापुढे यायला हवी, एवढेच.

ही कसोटी प्रत्यक्ष पुस्तकांना लावून पाहू. अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ 1952 ची कादंबरी. एक म्हातारा कोळी, एक होडी, एक मासा आणि 84 दिवस रिकाम्या हाताने परतल्यानंतरची एक सफर. वाक्ये आखूड, शब्द रोजचे, काळ सरळ पुढे जाणारा. शिवाय म्हातारा समुद्रावर एकटा असल्यामुळे स्वतःशी मोठ्याने बोलतो, म्हणजे कादंबरीच्या पोटातच बोलणे आहे. डोनाल्ड सदरलँड या अभिनेत्याने वाचलेली तिची आवृत्ती सुमारे अडीच तासांची आहे. पहिल्या निवडीसाठी यापेक्षा योग्य पुस्तक सहसा सापडणार नाही. याउलट विल्यम फॉकनरची ‘द साउंड अँड द फ्युरी’ (1929) घ्या. तिच्यात निवेदक बदलतात, काळ वाक्याच्या मध्येच मागे-पुढे होतो आणि तो बदल छापील पानावर अनेकदा तिरप्या टायपातून कळतो. कानाला तिरपा टाइप दिसत नाही. ती थोर कादंबरी आहे, पण हातात पुस्तक धरूनच तिच्याकडे जावे. हर्मन मेलव्हिलच्या ‘मॉबी डिक’ची (1851) अडचण वेगळी. निवेदक एक, पण 135 प्रकरणे, आणि त्यांतली कित्येक देवमाशांच्या जाती, हाडे व चरबी यांच्या वर्णनाची. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’मध्ये सांगणारा मुलगा अतिशय जिवंत आहे, मात्र तो आणि इतर पात्रे वेगवेगळ्या बोलींत बोलतात. लेखकाने आरंभीच तसे बजावून ठेवले आहे. मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला बदनापूर-भोकरदनच्या बाजारातले बोलणे पहिल्या दिवशी जितके कळेल, तितकीच ती बोली आपल्याला पहिल्या प्रयत्नात कळेल. म्हणून हक फिन वर्ज्य नाही, फक्त तो पहिला नसावा.

आत्मकथने या कसोटीवर सर्वांत चांगली उतरतात, कारण तिथे सांगणारा एकच आणि त्याला स्वतःचे सांगायचे असते. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून निसटलेला माणूस नावाजलेला वक्ता होता. त्याचे पहिले आत्मकथन 1845 मध्ये प्रसिद्ध झाले, ते सभांमधून आपली हकीकत सांगून झाल्यावर. त्यामुळे त्यातल्या वाक्यांना भाषणाचा ठेका आहे. अवघी अकरा प्रकरणे, सगळे मिळून चारेक तासांचे ऐकणे. मराठी माणसाने हे पुस्तक ऐकावे याला आणखी एक कारण आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली. फुल्यांना सातासमुद्रापलीकडची ती लढाई आपल्या लढाईच्या शेजारची का वाटली, हे डग्लसच्या तोंडून ऐकताना कळते. असेच दुसरे आत्मकथन बुकर टी. वॉशिंग्टन यांचे ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ (1901). याच वॉशिंग्टन यांनी शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना 1896 मध्ये टस्कीगीच्या संस्थेत बोलावून घेतले. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे 1981 पासून मराठी घरांना कार्व्हर माहीत आहेत. कापसाने जमीन खंगते, म्हणून भुईमुगासारखी पिके घेऊन तिचा कस परत आणा, हे त्यांचे सांगणे कापूस पिकवणाऱ्या जालना जिल्ह्याला समजावून द्यावे लागत नाही. ज्याने ‘कार्व्हर’ वाचले आहे, त्याला ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ ऐकताना टस्कीगी परके वाटणार नाही. नव्या आत्मकथनांमध्ये लेखकाने स्वतः वाचलेल्या आवृत्त्यांना आधी पसंती द्यावी. मिशेल ओबामांचे ‘बिकमिंग’ (2018) त्यांनीच वाचले आहे. ते सुमारे 19 तासांचे आहे, पण स्वतःच्या आईवडिलांबद्दल स्वतः बोलणाऱ्या माणसाचा आवाज कुठे थांबतो, कुठे हलका होतो, हे दुसऱ्या कुणाला जमत नाही.

साहसाच्या सत्यकथांमध्ये काळ बहुतेक सरळ चालतो, कारण प्रवासाला सुरुवात आणि शेवट असतोच. जोशुआ स्लोकम यांनी 1895 ते 1898 या काळात ‘स्प्रे’ नावाच्या लहान शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिलेच. ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हे त्यांचे पुस्तक साध्या, मिठास बोलीत सांगितले आहे. आपल्या कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून 2009-10 मध्ये भारतीयांमधली पहिली एकट्याची सागरप्रदक्षिणा पूर्ण केली. त्या मोहिमेविषयी वाचलेल्या माणसाला स्लोकमचे पुस्तक एका दीर्घ परंपरेचा आरंभ म्हणून ऐकता येईल. आल्फ्रेड लान्सिंग यांचे ‘एन्ड्युरन्स’ (1959) मात्र थोडी तयारी मागते. 1915 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात जहाज अडकून फुटले आणि मोहिमेचे नेते शॅकलटन यांच्यासह 28 माणसे शेवटी जिवंत परतली, त्याची ही हकीकत. कथा सरळ आहे, पण 28 नावे कानात राहत नाहीत. अशा वेळी एका चिठ्ठीवर महत्त्वाची आठ-दहा नावे आणि त्यांची कामे लिहून ठेवावीत, म्हणजे धागा सुटत नाही. याच प्रकारात एक फसगत नेहमी होते, ती संक्षिप्त आवृत्तीची. जॉन क्राकौर यांचे एव्हरेस्टवरच्या 1996 च्या दुर्घटनेवरचे ‘इनटू थिन एअर’ लेखकाच्या आवाजात मिळते, पण ती संक्षिप्त आवृत्ती आहे. संपूर्ण पुस्तक दुसऱ्या निवेदकाने वाचले आहे. लेखकाचा आवाज हवा की पूर्ण मजकूर, हे घेण्यापूर्वी ठरवावे लागते. म्हणून पुस्तकाच्या नावाखाली ‘अनअब्रिज्ड’ म्हणजे संपूर्ण लिहिले आहे की ‘अब्रिज्ड’, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता सर्वांत खरा आक्षेप. अमेरिकन उच्चार कळत नाहीत, तर या सगळ्याचा उपयोग काय? उपाय मराठीच्याच घरात आहे. मराठी अनुवादकांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत जी कामे केली, ती या प्रवासातले उत्तम वाटाडे आहेत. पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेची ती कादंबरी ‘एका कोळियाने’ या नावाने आणली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जॉर्जियन माणसाच्या ‘एनिथिंग कॅन हॅपन’ या आत्मकथनाचे त्यांनी ‘काय वाट्टेल ते होईल’ केले. दुर्गा भागवतांनी थोरोचे ‘वॉल्डन’ मराठीत आणले आणि राम पटवर्धनांनी मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या ‘द यर्लिंग’चे ‘पाडस’ केले. ‘द यर्लिंग’ला 1939 चे पुलित्झर मिळाले होते. फ्लोरिडाच्या झाडोऱ्यातले गरीब शेतकरी कुटुंब, मुलाने वाढवलेले हरणाचे पाडस आणि ते पाडस उभे पीक खाऊ लागल्यावर आलेला पेच. रोही आणि रानडुकरे पिकात शिरतात म्हणून रात्री राखणीला बसणाऱ्यांना हा पेच नीट कळेल. पण मूळ पुस्तकातली पात्रे दाट ग्रामीण बोलीत बोलतात, तेव्हा सरळ इंग्रजी ऐकायला घेतले तर पहिल्या प्रकरणातच अडखळायला होते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी मराठी अनुवाद वाचावा, मग मूळ इंग्रजी ऐकावे. कथा माहीत असली की कानावरचा निम्मा भार उतरतो. पुढे काय होणार याची चिंता नसते, लक्ष फक्त ते कसे सांगितले आहे याकडे जाते. यात उत्कंठा मरते, अशी तक्रार होईल. रहस्यकथेपुरती ती खरी आहे. पण रामायण-महाभारताची गोष्ट माहीत असूनही ती ऐकायला माणसे जमतात, ती सांगण्याच्या गोडीसाठी. चांगली कादंबरी त्याच जातीची असते. ‘वॉल्डन’ला मात्र वेगळा नियम लावावा. ते कथा नव्हे, चिंतन आहे. पण थोरोने त्यातला काही भाग आधी आपल्या गावातल्या व्याख्यानमालेत बोलून दाखवला होता, त्यामुळे ते एकेक प्रकरण, व्याख्यान ऐकावे तसे, चांगले ऐकता येते. सलग ऐकू नये.

‘ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे’ हा दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याविषयी पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लॉरा हिलेनब्रँड यांच्या ‘अनब्रोकन’ या युद्धकैद्याच्या सत्यकथेतला भाग काहींना ऐकवला, काहींना वाचायला दिला आणि काहींना दोन्ही एकदम करायला लावले. आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. याउलट 2010 च्या एका अभ्यासात अभ्यासक्रमाचा मजकूर ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना तोच विषय वाचणाऱ्यांपेक्षा चाचणीत बरेच कमी गुण मिळाले. दोन्ही एकत्र ठेवले तर अर्थ लागतो. कथा ऐकून कळते, मुद्द्यांची मांडणी वाचून कळते. त्यामुळे स्पर्धा परीक्षेची पुस्तके केवळ कानावर सोडू नयेत. आणि पहिल्या अभ्यासातले श्रोते इंग्रजीच्या वातावरणात वाढलेले होते हेही ध्यानात ठेवावे. आपल्याला त्यांच्या बरोबरीला यायचे तर मराठी अनुवादाची आणि कमी वेगाची जोड द्यावी लागते. बहुतेक ॲपमध्ये आवाजाचा वेग 0.8 पट करता येतो. पहिल्या दोन-तीन पुस्तकांसाठी तो तसाच ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

काम करता करता ऐकावे का, हे कामाच्या स्वरूपावर ठरते. हात गुंतलेले आणि डोके मोकळे असेल अशा कामात ऐकणे चांगले जमते. कापसाची वेचणी, शेंगा फोडणे, स्वयंपाक, जालन्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीतले सात-आठ तास ही त्यासाठी योग्य वेळ. हिशेब, लिखाण, औषधाचे प्रमाण मोजणे या कामात कान दुसरीकडे नसावेत. आणि काही ठिकाणी पुस्तक कितीही रंगले तरी ते बंदच असावे. मळणीयंत्र आणि कडबाकुट्टीजवळ, फवारणी करताना, कारखान्यात यंत्रापाशी आणि रस्ता ओलांडताना कानात काही नको. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर गाडी चालवताना संथ आवाजाचे पुस्तक डोळ्यांवर झापड आणू शकते. डुलकी जाणवली तर ऐकत राहण्याऐवजी थांबून विश्रांती घ्यावी. रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी द्यायला गेलेल्याने निदान एक कान मोकळा ठेवावा. रानडुक्कर आधी आवाजानेच कळते.

तिसरा आक्षेप असा की मराठीत एवढे असताना अमेरिकन पुस्तकांचा आग्रह कशाला? आग्रह नाहीच. मराठी ऑडिओबुके ऐकावीतच, ती स्टोरीटेलसारख्या ॲपवर मोठ्या संख्येने आहेत. पण दुसऱ्या समाजाने आपल्यासारखेच दुःख कसे सांगितले, हे ऐकण्याचा लाभ वेगळा असतो. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये (1939) दुष्काळ, धुळीची वादळे आणि कर्ज यांनी जमीन गेलेले ओक्लाहोमाचे कुटुंब जुन्या ट्रकमध्ये संसार भरून कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघते. 2012-13 च्या दुष्काळात ज्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, ज्या मराठवाड्यातून दर वर्षी ऊसतोडीला कुटुंबे निघतात, तिथल्या श्रोत्याला हे दूरचे वाटणार नाही. उलट मजुरी कशी पाडली जाते आणि स्थलांतरितांकडे गावे कशी पाहतात, हे ऐकताना आपल्याकडच्या ऊसतोड टोळ्यांविषयीही नव्याने विचार करावा लागतो. फक्त हे पुस्तक 20 तासांहून मोठे आहे, बोली दाट आहे आणि मधूनमधून कुटुंबाची कथा थांबून साऱ्या प्रदेशाचे चित्र येते. म्हणून ते पहिली चार पुस्तके झाल्यावर घ्यावे, अर्धवट सोडावे लागणार नाही अशा तयारीने.

खर्चाचा विचार शेवटी, पण नेमका करावा. 2005 मध्ये सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स या उपक्रमात स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके वाचतात आणि ती सर्वांना विनामूल्य मिळतात. डग्लस, वॉशिंग्टन, स्लोकम, थोरो, ट्वेन हे सारे तिथे आहेत. पण तिथे काही पुस्तकांची प्रकरणे वेगवेगळ्या माणसांनी वाचलेली असतात. दर प्रकरणाला आवाज आणि उच्चार बदलला की नवख्या कानाला पुन्हा जुळवून घ्यावे लागते. म्हणून एकाच वाचकाने पूर्ण वाचलेली आवृत्ती शोधावी. पैसे देऊन घ्यायचे असेल तर नमुना ऐकल्याशिवाय घेऊ नये, आणि नमुना रात्री शांत खोलीत न ऐकता जिथे रोज ऐकणार तिथे, गाडीच्या किंवा पंख्याच्या आवाजात ऐकून पाहावा. निवेदकाचे नाव दिले आहे का तेही पाहावे. आता यंत्राने वाचलेली पुस्तकेही विक्रीला आहेत. माहितीपर मजकुरासाठी ती चालतील, पण दुःख आणि विनोद यांतला फरक आवाजातून कळावा लागतो, तिथे माणूसच हवा. 64 केबीपीएसच्या ध्वनिफितीचा एक तास साधारण 29 एमबी होतो, म्हणजे दहा तासांचे पुस्तक 300 एमबीच्या आत बसते. ते आधी उतरवून घेतले की शेतात किंवा प्रवासात रेंज गेल्याने खोळंबा होत नाही. आणि कुणीतरी परवानगीशिवाय वाचून टाकलेले मराठी अनुवाद ऐकणे टाळावे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो आणि अनुवादकाचा हक्क मूळ लेखकापेक्षा वेगळा असतो. हेमिंग्वे 1961 मध्ये गेले, पण पु. ल. 2000 मध्ये. मूळ पुस्तकाचा हक्क संपला म्हणून अनुवाद मोकळा होत नाही.

ज्यांना दिसत नाही किंवा मोतीबिंदूमुळे वाचणे थांबले आहे, त्यांच्यासाठी ही निवड चैनीची गोष्ट नाही. बोलक्या पुस्तकांचा मोठा आरंभ अंध वाचकांसाठीच झाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1934 मध्ये तबकड्यांवर पुस्तके द्यायला सुरुवात केली. अंधांना वाचनसाहित्य मिळावे यासाठीच्या मराकेश करारावर 2014 मध्ये शिक्कामोर्तब करणारा भारत हा पहिला देश. 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू आहे. घरात असे कुणी असेल तर त्यांची नावनोंदणी करून देणे आणि पहिले पुस्तक त्यांच्या आवडीने निवडून देणे, एवढे काम तरुणांनी अंगावर घ्यावे.

ज्याला आज सुरुवात करायची आहे, त्याने असा क्रम धरावा. ‘एका कोळियाने’ वाचून अडीच तासांचा हेमिंग्वे ऐकावा. मग ‘एक होता कार्व्हर’ वाचून वॉशिंग्टन, आणि त्यानंतर डग्लस. पुढे स्लोकमचा प्रवास. इतके झाले की कान तयार होतो आणि ‘एन्ड्युरन्स’ किंवा स्टाइनबेककडे जाता येते. रोज एक प्रकरण, समासासारखे, आणि संपल्यावर घरात कुणाला तरी ते मराठीत सांगावे. जे सांगता आले नाही, ते कळले नव्हते असे समजून पुन्हा ऐकावे. इतकी शिस्त पाळली तर पुस्तके ऐकणे हा वेळ घालवण्याचा उद्योग राहत नाही, तो शिक्षणाचा मार्ग होतो, आणि त्यासाठी शहरातली मोठी शाळा किंवा महागडा वर्ग लागत नाही.